तिखटाचे माप

मराठीत 'तिखट' हा शब्द दोन कामे करतो. भाजी तिखट झाली असे आपण म्हणतो तेव्हा तो गुण असतो. डब्यातले तिखट संपले असे म्हणतो तेव्हा ती वस्तू असते, लाल मिरचीची पूड. मीठ ही वस्तू आणि खारट हा गुण, साखर ही वस्तू आणि गोड हा गुण. पण मिरची आपल्या स्वयंपाकात अशी मुरली की गुणाचे नावच तिने घेतले. ही वस्तू आपल्याकडे येऊन जेमतेम पाचशे वर्षे झाली आहेत. आणि हा गुण शरीरात नेमका कोठे घडतो याचा उलगडा व्हायला तर १९९७ साल उजाडावे लागले. त्याच्या बऱ्याच आधी, १९१२ साली, त्याचे माप मात्र तयार झाले होते. काय मोजतो आहोत हे नीट कळण्याआधी मोजायला सुरुवात झाली, अशी ही हकिकत आहे.

वर्गात षड्रस शिकवताना एक घोटाळा हमखास होतो. मधुर, अम्ल, लवण, कटू, तिक्त, कषाय हे सहा रस. विद्यार्थी सहज समजतात की कटू म्हणजे कडू आणि तिक्त म्हणजे तिखट. प्रत्यक्षात नेमके उलटे आहे. संस्कृतातला कटू म्हणजे तिखट, आणि तिक्त म्हणजे कडुनिंबासारखे कडू. 'कटू'पासून मराठी 'कडू' आला, पण वाटेत अर्थ बदलून आला. आपल्या 'तिखट'चे मूळ 'तीक्ष्ण' या शब्दात आहे. तीक्ष्ण असते ती सुई, तीक्ष्ण असते ती धार. म्हणजे बोली भाषेने तिखटाची जोड चवीशी न घालता टोचण्याशी, वेदनेशी घातली. हे विज्ञानाच्या दृष्टीने जास्त बरोबर होते.

याची खात्री करायला प्रयोगशाळा लागत नाही. साखर तळहातावर चोळली तर तळहाताला गोड लागत नाही. मीठ मनगटाला खारट लागत नाही. मिरच्या चिरलेला हात मात्र तासभर चुरचुरतो, आणि तोच हात चुकून डोळ्याला लागला तर काय होते ते सांगायला नको. चव फक्त तोंडातल्या स्वादकलिकांना कळते. तिखट डोळ्याला, नाकाला, कातडीलाही कळते. तेव्हा ती चव नव्हे, हे अनुमान आठवीतला विद्यार्थीही स्वतः काढू शकतो.

मिरची येण्यापूर्वी आपल्याकडे तिखटाची उणीव नव्हती. सुंठ, मिरे आणि पिंपळी या तिघांना आयुर्वेदात त्रिकटू म्हणतात, म्हणजे तीन तिखटे. मिऱ्याचे संस्कृत नाव मरिच; त्यावरूनच नव्या फळाला मिरची हे नाव पडले. दूर स्पेनमध्येही अगदी हेच घडले. कोलंबस निघाला होता मिऱ्यांच्या शोधात. १४९३ च्या जानेवारीत कॅरिबियन बेटांवर त्याने 'अही' नावाच्या फळाची नोंद केली, ती तिथल्या लोकांचे मिरे म्हणून. स्पॅनिश भाषेत मिरे म्हणजे 'पिमिएंता', आणि मिरचीचे नाव झाले 'पिमिएंतो'. दोन्हीकडच्या लोकांनी जिभेवर विश्वास ठेवून नाव दिले. वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने मात्र मिरी आणि मिरची यांचे काहीही नाते नाही. मिरी वेलीवर येते. मिरची वांगी, टोमॅटो, बटाट्याच्या कुळातली. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत ती सुमारे सहा हजार वर्षांपासून खाल्ली जात होती, असे जुन्या भांड्यांवर आणि दगडांवर सापडलेल्या स्टार्चच्या कणांवरून दिसते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ती गोव्याला आणि पश्चिम किनाऱ्यावर उतरली.

एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञ दोन्ही तिखटांच्या मागे लागले. मिऱ्यातले पायपरीन १८१९ साली वेगळे केले ते हान्स क्रिश्चन ओर्स्टेड यांनी. विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते हे १८२० साली दाखवणारे ओर्स्टेड ते हेच. मिरचीचा अर्क काढण्याचा पहिला नोंदलेला प्रयत्न १८१६ चा, बुखोल्त्स यांचा. पण तो अर्क शुद्ध नव्हता. १८७६ साली इंग्लंडमध्ये जॉन थ्रेश यांनी जवळजवळ शुद्ध स्फटिक मिळवले आणि त्या पदार्थाला कॅप्सेसिन हे नाव दिले. रेणूची रचना नेल्सन यांनी १९१९ मध्ये उलगडली आणि १९३० मध्ये तो प्रयोगशाळेत बनवलाही गेला. कॅप्सेसिनला रंग नाही, वास नाही, पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही. तेलात आणि अल्कोहोलात चांगले विरघळते. मिरचीत त्याचे काही जवळचे भाऊबंदही असतात, पण मुख्य झोंबणारे हेच.

आता मापाकडे वळू. विल्बर स्कोव्हिल हे अमेरिकेतले औषधनिर्माते, डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस कंपनीत काम करत. दुखऱ्या सांध्यांवर आणि पाठीवर लावायच्या औषधात मिरचीचा अर्क घालण्याची पद्धत होती. अडचण अशी की मिरचीच्या दोन पोत्यांचा तिखटपणा कधी सारखा नसे. एका खेपेचे औषध लागूच पडायचे नाही आणि दुसऱ्या खेपेने कातडी भाजायची. किती मिरची घालायची ते ठरवण्यासाठी आधी तिखटपणा मोजायला हवा. त्या काळच्या रासायनिक चाचण्या यासाठी फार बोथट होत्या. म्हणून १९१२ साली स्कोव्हिल यांनी जिभेलाच उपकरण केले.

रीत साधी होती. एक ग्रेन, म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, मिरचीची पूड १०० घन सेंटिमीटर अल्कोहोलात रात्रभर भिजत ठेवायची आणि गाळून घ्यायची. तो अर्क साखरेच्या पाण्यात मोजून मिसळायचा आणि चाखायचा. जिभेला किंचित पण स्पष्ट झोंबेल इतपत पातळ करत जायचे. मूळ मिरचीच्या किती पट पाणी लागले, तो त्या मिरचीचा आकडा. स्कोव्हिल यांच्या हाती आलेल्या जपानी मिरच्यांचा आकडा २० ते ३० हजार निघाला, झांझिबारच्या मिरच्यांचा ४० ते ४५ हजार आणि मोंबासाच्या मिरच्यांचा ५० हजार ते १ लाख. एकाच बंदरातून आलेल्या मालात दुपटीचा फरक! औषधात चमचा मोजून मिरची घालणे का चालत नव्हते, ते या एका आकड्यावरून कळते.

ही युक्ती आम्हाला फार आवडते. भाव किंवा राग मोजता येत नाही तसे तिखटही मोजता येणार नाही, असे कोणालाही वाटले असते. स्कोव्हिल यांनी 'किती झोंबते' हा प्रश्नच टाळला, आणि त्याऐवजी 'झोंबणे कोठे थांबते' असे विचारले. जीभ पहिल्या प्रश्नाला गडबडते, दुसऱ्याला बऱ्यापैकी उत्तर देते.

पण म्हणूनच या आकड्याचा अर्थ जपून घ्यायला हवा. १ लाखाची मिरची ५० हजारांच्या मिरचीपेक्षा दुप्पट झोंबते, असा त्याचा अर्थ नाही. ती दुप्पट पाण्यात पुरते, एवढाच अर्थ आहे. पाण्यात पुरवणे आणि तोंडात जाळ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिवाय जीभ हे उपकरण वापरता वापरता बिघडते. एक नमुना चाखला की पुढच्या नमुन्याला ती बधिर झालेली असते. या बधिरपणाचा पद्धतशीर अभ्यास हंगेरीतले मिक्लोश यांचो यांनी १९४० च्या दशकात प्राण्यांवर केला. कॅप्सेसिनचा मारा वारंवार केला तर वेदना सांगणाऱ्या चेतापेशी पुढे गप्प बसतात, असे त्यांना आढळले. रोज ठेचा खाणाऱ्याला पाहुण्याच्या डोळ्यांतल्या पाण्याचे नवल का वाटते, ते यात आले. याच गुणाचा उलटा उपयोग करून ८ टक्के कॅप्सेसिनची वेदनाशामक पट्टी २००९ साली वैद्यकीय वापरात आली. मिरचीने दुखणे थांबवायचे हा स्कोव्हिल यांच्या काळचा विचार असा पुन्हा, समजून उमजून, हाती घेतला गेला.

आज तिखटपणा जिभेने मोजत नाहीत. द्रव क्रोमॅटोग्राफी या तंत्राने अर्कातले घटक वेगळे करून कॅप्सेसिन आणि त्याचे भाऊबंद किती आहेत ते सरळ मोजतात, आणि मग त्याचे स्कोव्हिल एककात रूपांतर करतात. दहा लाख भागांत एक भाग कॅप्सेसिन म्हणजे सुमारे १६ स्कोव्हिल. या हिशोबाने शुद्ध कॅप्सेसिनचा आकडा १ कोटी ६० लाख. म्हणजे एक ग्रॅम कॅप्सेसिन १६ हजार लिटर पाण्याला पुरेल. दहा हजार लिटरचा एक टँकर, आणि वर आणखी अर्ध्याहून जास्त. वाळलेल्या मिरचीत ०.३ टक्के कॅप्सेसिन असेल तर आकडा ४८ हजार येतो. हे गणित वर्गात करून घेण्याजोगे आहे. यंत्र रेणू मोजते, झोंबणे नव्हे. आकड्याचे एकक मात्र अजून जिभेचेच आहे.

झोंबणे म्हणजे काय, ते १९९७ मध्ये कळले. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदना कळवणाऱ्या चेतापेशींमधल्या जनुकांचे तुकडे घेतले. ज्या पेशींवर कॅप्सेसिनचा काहीच परिणाम होत नाही अशा पेशींत ते तुकडे घातले आणि कोणत्या तुकड्यामुळे पेशी कॅप्सेसिनला प्रतिसाद देऊ लागते ते शोधले. तो तुकडा सापडला. त्यातून घडणारे प्रथिन म्हणजे पेशीच्या आवरणातले एक दार होते. कॅप्सेसिन लागले की ते उघडे, आणि तापमान सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वर गेले तरी तेच दार उघडे. पुढचा निरोप दोन्ही वेळा सारखाच: भाजते आहे. तोंडाची आग होते असे आपण म्हणतो ती अतिशयोक्ती नव्हे. चेतातंतू मेंदूला तेच सांगत असतात. म्हणूनच गरम आमटी जास्त तिखट लागते. या शोधासाठी ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक आर्देम पटापूटियन यांच्याबरोबर मिळाले.

पोपट मिरची आवडीने खातो हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. त्याचे कारणही इथेच आहे. पक्ष्यांमध्ये हे दार असते, उष्णतेने उघडतेही, पण कॅप्सेसिनला ते दाद देत नाही. २००२ साली कोंबडीच्या पेशींवर हे दाखवले गेले. रानमिरचीला हे सोयीचे आहे. उंदीर-घुशी बिया चावून टाकतात. पक्षी त्या न चावता गिळतात आणि दूरवर, रुजण्याजोग्या अवस्थेत टाकतात. तिखट हे मिरचीचे निवडक निमंत्रण आहे, आणि आपल्याला ते नाही! तरीही आपणच तिला जगभर पसरवले.

मग आपल्या जिभेसाठी मिरची कशी निवडावी? पहिली गोष्ट, रंगावर जाऊ नये. लाल रंग कॅरोटिनॉइड वर्गातल्या रंगद्रव्यांचा असतो, तिखटपणा कॅप्सेसिनचा; दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. कर्नाटकातली सुरकुतलेली ब्याडगी गडद लाल रंग देते आणि सौम्य असते. बारीकशी लवंगी दिसायला साधी, पण तिचा डंख जबर. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करताना कोल्हापूरकडच्या गृहिणी रंगाला ब्याडगी आणि झणक्याला संकेश्वरी असे प्रमाण धरतात, तेव्हा त्या हेच दोन गुण वेगळे करून हवे तसे जोडत असतात. भोपळी मिरचीत कॅप्सेसिन तयार होण्याची क्रियाच जनुकातल्या बदलामुळे थांबलेली असते, म्हणून तिचा आकडा शून्य.

दुसरी गोष्ट, तिखट बियांत नसते. ज्या पांढऱ्या गराला बिया चिकटलेल्या असतात तिथे ते तयार होते. बियांना लागते ते त्याच्या शेजारामुळे. मिरचीचा स्वाद हवा पण झणका नको असेल तर उभा छेद देऊन तो पांढरा भाग खरवडून काढावा. बिया राहिल्या तरी फारसे बिघडत नाही.

तिसरी गोष्ट, जातीच्या नावावर पूर्ण भरवसा ठेवू नये. पाण्याचा ताण, उष्णता, जमीन यांनी एकाच जातीचा तिखटपणा बदलतो. एकाच झाडाच्या दोन मिरच्यासुद्धा सारख्या नसतात. ईशान्येकडच्या भूत जोलोकियाने २००७ साली १० लाख १ हजार ३०४ स्कोव्हिल असा जागतिक विक्रम नोंदवला. २०२३ साली अमेरिकेतल्या 'पेपर एक्स'चा विक्रम २६ लाख ९३ हजारांवर गेला. शेवटच्या अंकापर्यंत दिलेले हे आकडे त्या विशिष्ट नमुन्यांचे असतात, हे लक्षात ठेवावे. विक्रमांच्या या चढाओढीचा स्वयंपाकाशी फारसा संबंध उरलेला नाही, असे आमचे मत आहे.

आणि अंदाज चुकलाच तर पाणी पिऊ नये. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, नुसते तोंडभर पसरते. दूध घ्यावे. २०१९ च्या एका प्रयोगात साय काढलेले दूधही सायीच्या दुधाइतकेच उपयोगी पडले, म्हणजे श्रेय एकट्या स्निग्धांशाचे नाही. दुधातली प्रथिनेही कॅप्सेसिनला धरत असावीत. ताकानेही उतार पडतो, हा आपला जुनाच अनुभव आहे.

वर्गात स्कोव्हिल यांची रीत थोडी बदलून करता येईल. चिमूटभर तिखट कोमट दुधात भिजवून गाळून घ्यावे, आणि ते साखरेच्या पाण्यात दर वेळी निम्मे निम्मे करत आठ-दहा पेल्यांत पातळ करावे. सर्वांत पातळ पेल्यापासून सुरुवात करून एकेक चमचा चाखायला द्यावा. तोंड आलेल्या मुलांना वगळावे. प्रत्येकाला पहिल्यांदा कोणत्या पेल्यात झोंबले ते फळ्यावर लिहावे, आणि शेजारी घरी रोज किती तिखट खातात तेही. मिरची एकच असताना फळ्यावर किती निरनिराळे आकडे येतात ते पाहावे.