तारीख कोण देतं?

"साईट लाईव्ह कधी होईल?" या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला माणसाने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत काय काय खटपटी केल्यात, ते वाचायला बसलं की वेळ झकास जातो. गेले दोन वीकेंड माझं हेच चाललंय. आमच्यासारख्या वेबसाईट बनवणाऱ्या कंपन्यांत दर सोमवारी हा प्रश्न विचारला जातो आणि दर सोमवारी कुणीतरी न घाबरता तारीख सांगून टाकतं. ही तारीख येते कुठून?

तुमच्यापैकी जे इंजिनिअरिंगवाले आहेत त्यांना पर्ट आठवत असेल. गोल काढायचे, बाण काढायचे आणि प्रत्येक कामाला तीन आकडे द्यायचे. सगळं सुरळीत झालं तर किती दिवस, साधारण किती आणि सगळं बिघडलं तर किती. मधल्या आकड्याला चारने गुणा, बाकीचे दोन मिळवा, सहाने भागा. परीक्षेत हमखास मार्क! पण हे चार आणि सहा आले कुठून, हे शिकवताना कुणी सांगत नाही.

आले अमेरिकन नौदलातून. १९५५ च्या शेवटी नौदलाने पाणबुडीतून सोडायच्या क्षेपणास्त्रासाठी एक खास ऑफिस उघडलं, प्रमुख ॲडमिरल विल्यम रेबॉर्न. प्रकल्पाचं नाव पोलॅरिस. ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेची झोप उडाली. आधी ठरलेली तारीख १९६३ च्या आसपासची होती, ती ओढून १९६० वर आणली. कंत्राटदार शेकड्यांनी, कामं हजारांनी. कोणतं काम लांबलं तर सगळंच लांबेल, हे कळावं म्हणून १९५८ मध्ये नौदल, बूझ ॲलन हॅमिल्टन आणि लॉकहीडच्या लोकांनी मिळून पर्ट तयार केलं. त्याच्या आधीपासून गँट चार्ट होताच (हेन्री गँट १९१९ मध्ये वारला, पण त्याच्या आडव्या पट्ट्या आजही प्रत्येक मॅनेजरच्या लॅपटॉपवर आहेत). पण कोणतं काम कशावर अडलंय हे पट्ट्यांवरून नीट दिसायचं नाही.

२० जुलै १९६० ला यूएसएस जॉर्ज वॉशिंग्टनने पाण्याखालून पोलॅरिस सोडलं. चक्क वेळेत! मग काय, पर्टचा डंका वाजला. १९६२ पर्यंत अमेरिकेचं संरक्षण खातं आणि नासा कंत्राटदारांकडून पर्टचे तक्ते मागायला लागले होते. तिथून ते जगभरच्या अभ्यासक्रमांत गेलं आणि शेवटी आमच्या पेपरात आलं.

आता खरी गंमत. १९७२ मध्ये हार्वी सापोल्स्की नावाच्या अभ्यासकाने पोलॅरिसवर पुस्तक लिहिलं. त्याने आतल्या लोकांशी बोलून, कागद तपासून काढलेला निष्कर्ष असा की क्षेपणास्त्र बनवण्यात पर्टचा वाटा फार थोडा होता. प्रत्यक्ष काम करणारे तांत्रिक लोक त्याकडे फारसे बघतच नव्हते. मग उपयोग काय? तर बाहेरच्यांना गप्प ठेवणं. खासदार आले, वरचे अधिकारी आले की भिंतीवरचे तक्ते आणि कॉम्प्युटरचे कागद दाखवायचे. इतकी आधुनिक यंत्रणा बघितल्यावर नाक खुपसायची कुणाची हिंमत होणार? आणि नाक खुपसायला कुणी आलं नाही म्हणूनच टीमला शांतपणे काम करता आलं. म्हणजे तक्त्याचा उपयोग झालाच की, फक्त तक्त्यावर लिहिलं होतं तो नव्हे.

तारीख पाळली कशी, याची उत्तरं वेगळीच आहेत. पैसा भरपूर होता, देशात सर्वोच्च प्राधान्य होतं. नवी पाणबुडी पहिल्यापासून बांधायला वेळ नव्हता, म्हणून आधीच बांधायला घेतलेल्या एका पाणबुडीच्या मधोमध क्षेपणास्त्रांसाठी सुमारे १३० फुटांचा भाग घातला. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे क्षेपणास्त्राचा पल्ला १५०० सागरी मैल हवा होता, तो पहिल्या आवृत्तीत सुमारे १२०० वर आणला. उरलेलं दुसऱ्या आवृत्तीत. आमच्या भाषेत सांगायचं तर तारीख तीच ठेवून फीचर कापले. पुढच्या वेळी क्लायंट "सगळं पाहिजे आणि दिवाळीच्या आधीच पाहिजे" म्हणाला तर त्याला सांगा, अमेरिकन नौदलालासुद्धा दोन्ही मिळालं नव्हतं.

आणि ते चार-सहाचं सूत्र? पर्टच्या मूळ चमूतल्या चार्ल्स क्लार्कने १९६२ मध्ये स्वच्छ लिहून ठेवलंय की कामांना लागणारा वेळ प्रत्यक्षात कसा विखुरलेला असतो याची माहिती आपल्याकडे नव्हती. गणिताला सोयीचं पडलं ते घेतलं. आपण उगाच घाबरून पाठ करत होतो!

सॉफ्टवेअरवाल्यांना धडा मिळाला तो आयबीएमकडे. ७ एप्रिल १९६४ ला सिस्टम/३६० जाहीर झाली, पण तिची ऑपरेटिंग सिस्टम काही वेळेत होईना. माणसं वाढवत नेली, हजाराच्या वर गेली, तरी उशीर तो झालाच. प्रमुख होता फ्रेड ब्रुक्स. तो आयबीएम सोडून विद्यापीठात गेला तेव्हा टॉम वॉटसनने त्याला विचारलं की हार्डवेअरपेक्षा सॉफ्टवेअरचं काम सांभाळणं इतकं अवघड का. या प्रश्नाचं उत्तर म्हणजे १९७५ चं 'द मिथिकल मॅन-मंथ'. (उत्तर द्यायलाच दहा वर्षं लागली, यावरून काय ते समजा.) उशीर झालेल्या प्रोजेक्टवर आणखी माणसं घातली की आणखी उशीर होतो, हे त्यातलं वाक्य सगळ्यांना माहीत असतं. पाच माणसांत बोलायच्या जोड्या १०, दहा माणसांत ४५, शिवाय नव्या माणसाला शिकवायला जुन्याच माणसाचा वेळ जातो. पण त्यातलाच दुसरा हिशोब लोक विसरतात. ब्रुक्सच्या अंदाजाने प्रत्यक्ष कोडिंग एकूण वेळाच्या फक्त एक षष्ठांश, आणि टेस्टिंग निम्मं. आमच्याकडे आजही एस्टिमेट म्हटलं की जो तो त्या एक षष्ठांशाचे दिवस मोजतो.

नंतर आकडेवाल्यांनी बरेच प्रयत्न केले. १९७९ मध्ये ॲलन अल्ब्रेख्टचे फंक्शन पॉईंट, १९८१ मध्ये बॅरी बोहमचं कोकोमो. त्यातला बोहमचा एक आलेख मात्र भिंतीवर लावण्यासारखा आहे. प्रोजेक्टच्या अगदी सुरुवातीला दिलेला अंदाज चौपट किंवा एक चतुर्थांश, कसाही चुकू शकतो. आणि आपण कोटेशन कधी देतो? बरोब्बर त्याच क्षणी!

माणूस हे चुकतो तरी का? काहनेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये याला नियोजनाचा भ्रम असं नाव दिलं. आपण हातातल्या कामाची गोष्ट मनात रंगवतो, तसलीच कामं आधी किती लांबली होती ते बघत नाही. १९९४ मध्ये काही मानसशास्त्रज्ञांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? उत्तर आलं सरासरी ३४. सगळं छान जुळून आलं तर २७, सगळं बिघडलं तर ४९. प्रत्यक्षात लागले जवळजवळ ५६. मी गंमत म्हणून हे आकडे पर्टच्या सूत्रात घातले. उत्तर ३५.३ दिवस. खरा वेळ तर वाईटात वाईट अंदाजाच्याही पलीकडे होता! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि हे सगळं एकाच कामाबद्दल झालं. वेबसाईटच्या कंपनीत एका वेळी दहा क्लायंट असतात. आठ दिवसांचं काम पाच आठवडे का चालतं? कारण बहुतेक वेळ ते पडून असतं. फोटो यायचेत, मालकांनी डिझाईन बघायचंय, डेव्हलपर दुसऱ्याच्या साईटवर अडकलाय. याचं गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या माणसाने १९०९ मध्येच सुरू केलं होतं. रांगेच्या शास्त्रातलं सगळ्यात साधं सूत्र सांगतं की काम करणारा माणूस ८० टक्के भरलेला असेल तर नव्या कामाला सरासरी चार कामांइतकं थांबावं लागतं. ९० टक्क्यांना नऊ. ९५ टक्क्यांना एकोणीस. आमच्या धंद्यात मात्र माणूस शंभर टक्के भरलेला असणं म्हणजे उत्तम प्लॅनिंग.

हा काही नुसता आकड्यांचा खेळ नाही. क्लासवाल्याची साईट जूनच्या ॲडमिशन संपल्यावर लाईव्ह झाली तर त्याचं वर्ष गेलं. इकडे कंपनीचा शेवटचा हप्ता साईट लाईव्ह झाल्याशिवाय येत नाही आणि पगार त्यातूनच व्हायचे असतात. मधली तूट भरून निघते ती ज्युनिअर पोरांच्या शनिवार-रविवारांतून, आणि तारीख ठरवताना त्या पोरांना कुणी विचारलेलंही नसतं.

केंट बेकच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगवाल्यांनी १९९९ च्या सुमाराला दोन साधे नियम मांडले होते. अंदाज काम करणाऱ्यानेच द्यायचा, आणि मागच्या आठवड्यात जेवढं खरोखर पूर्ण झालं तेवढंच पुढच्या आठवड्यासाठी कबूल करायचं. यातला दुसरा कुणालाही करता येतो. जुन्या दहा प्रोजेक्टच्या दोन तारखा काढायच्या, कबूल केलेली आणि खरी, आणि शेजारी शेजारी लिहायच्या. ईमेलमध्ये दोन्ही सापडतात. तासाभराचं काम आहे असं वाटतं, पण अर्धा दिवस धरा.