बर्ड्‌स, द
अमेरिकन रॉक बँड. स्थापना लॉस अँजेल्स येथे १९६४ मध्ये. मूळ सदस्य : जिम (पुढे रॉजर) मॅग्विन, जीन क्लार्क, डेव्हिड क्रॉस्बी, क्रिस हिलमन व मायकेल क्लार्क.

बीटल्सच्या ‘अ हार्ड डेज नाइट’ (१९६४) या चित्रपटात जॉर्ज हॅरिसनच्या हाती रिकनबॅकरची बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार पाहून मॅग्विननेही ती घेतली. या गिटारीला तारांच्या सहा जोड्या असतात. खर्जाकडील चार जोड्यांतल्या तारा एकमेकींपासून एका सप्तकाच्या अंतराने, तर उरलेल्या दोन जोड्यांतल्या एकाच स्वरात लावतात. त्यातून किणकिणता नाद उमटतो. ध्वनिमुद्रणात कॉम्प्रेसर (आवाजाच्या तीव्रतेतील चढउतार कमी करणारे उपकरण) वापरल्याने मॅग्विनच्या गिटारीचा स्वर अधिक काळ टिकू लागला.

बॉब डिलनच्या ‘मिस्टर टॅम्बोरीन मॅन’ची या बँडची आवृत्ती १९६५ मध्ये अमेरिका व ब्रिटन या दोन्ही देशांत अव्वल ठरली, तिच्यात सदस्यांपैकी वाद्य वाजवले ते एकट्या मॅग्विनने. याच नावाच्या अल्बमने फोक-रॉक शैली रूढ केली. ‘एट माइल्स हाय’वर (१९६६) जॉन कोल्ट्रेन व रविशंकर यांच्या संगीताचा प्रभाव आहे. ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ (१९६८) हा अल्बम कंट्री संगीताकडे झुकला. बँड १९७३ मध्ये विसर्जित झाला. टॉम पेटी व आर. ई. एम. यांच्या संगीतात त्याचा वारसा दिसतो.