बेवारस वस्तू आणि सरकारी वार्ता

फलाटावर वा एसटी स्थानकात 'बेवारस वस्तूला हात लावू नका' अशी जी सूचना आज आपण ऐकून न ऐकल्यासारखी करतो, तिच्यामागे १९८५ च्या मे महिन्यात दिल्ली व आसपासच्या प्रदेशांत ठेवलेल्या, कळ फिरवताच फुटणाऱ्या ट्रान्झिस्टरांनी घेतलेले निरपराध बळी उभे आहेत.

मुंबईला हा धडा १२ मार्च १९९३ च्या शुक्रवारी मिळाला. शेअर बाजाराच्या तळघरापासून आरंभ होऊन अवघ्या दोन-सव्वादोन तासांत शहरभर झालेल्या स्फोटांनी २५७ जीव घेतले. त्याच दिवशी मुख्यमंत्री शरद पवार यांनी स्फोटांची ठिकाणे जाहीर करताना, जेथे काहीच घडले नव्हते अशा मुस्लिमबहुल मशीद बंदराचे नाव त्यांत हेतुपुरस्सर घातले. आदल्या डिसेंबर-जानेवारीतल्या हिंदू-मुस्लिम दंगलींचा वणवा पुन्हा भडकू नये, हा आपला उद्देश होता, असे पुढे त्यांनीच जाहीरपणे सांगितले. उद्देश निःसंशय लोकहिताचा होता. तरीही, ज्या घरातला कर्ता मुलगा त्या दिवशी मशीद बंदरात हमालीला गेला असेल, त्या घराने ती सायंकाळ कशी काढली असेल, हा विचार माझा पिच्छा सोडीत नाही.

दोनच दिवसांनी दादरच्या नायगाव क्रॉस रोडवर बेवारस उभी असलेली स्कूटर स्फोटकांनी भरलेली निघाली व ती निकामी करण्यात आली. ही वार्ता अक्षरशः खरी होती, आणि म्हणूनच आपल्या दारात अनोळखी वाहन उभे नाही ना, हे पाहायला निघालेल्या रहिवाशाच्या ती थेट उपयोगी पडणारी होती.