कोन्तं शिरजगाव?

कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड हाती आलं की आम्ही बाकीचा गठ्ठा बाजूला सारायचो. ती मरणाची बातमी असायची. १९८० च्या आसपास असंच एक कार्ड माझ्या टपाल-छाननीच्या टेबलावर आलं. पत्ता एवढाच : मु. पो. शिरजगाव, जि. अमरावती. तालुका नाही, पिन नाही. मोठं गाव म्हणून मी ते शिरजगाव कसब्याच्या खणात टाकलं. तिथून ते शिरजगाव बंडला गेलं, तिथून परत फिरलं आणि शिरजगाव कोरडेला पोचलं तेव्हा बापाची तेरवी होऊन गेली होती. कार्ड लेकीच्या नावाचं होतं. त्याच आठवड्यात मी दोनशे पानी वही विकत घेतली आणि एका नावाची गावं एका पानावर लिहायला सुरुवात केली.

वऱ्हाडात पहिलं नाव बहुतेक झाडानं दिलेलं असतं. वडगाव, बोरगाव, पिंपळगाव, पळसखेड, चिंचोली, हिवरखेड. हिवर काय एकाच शिवारात उगवतो? हिवरखेड तेल्हाऱ्याकडेही आहे, मोर्शीकडेही आहे. गावाची खरी ओळख त्याच्या शेपटात असते, आणि नेमकं तेच लोक पत्त्यातून गाळतात. मला याचं आजही वाईट वाटतं, कारण त्या शेपटात माणसांचा इतिहास असतो.

बुद्रुक आणि खुर्द हे शब्द फारसी दफ्तरातून आले. बुजुर्ग म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. पुढे धाकटं गाव वाढून थोरल्याच्या वर गेलं, तरी सातबाऱ्यावर ते खुर्दच राहतं. अमरावतीच्या धामणगाव गढीला मातीच्या गढीनं ओळख दिली, मंगरूळपीरला दादा हयात कलंदरांच्या दर्ग्यानं. ब्राह्मणवाडा थडीतली थडी म्हणजे नदीचा काठ. काही गावांनी शेजाऱ्याचंच नाव लावून घेतलं : मोझरीजवळचं ते शिरजगाव मोझरी. टाकरखेडा शंभू, टाकरखेडा मोरे, मंगरूळ दस्तगीर, मंगरूळ चव्हाळा, तळेगाव ठाकूर, तळेगाव मोहना. वहीची पानं अशी भरत गेली. तळेगाव दशासरचा माणूस खिडकीशी आला आणि मी विचारलं, "कोन्तं तळेगाव, बावा?" तर तो दशासर म्हणायचाच नाही. "पटाचं!" म्हणायचा. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि त्या गावचा पट साऱ्या वऱ्हाडाला ठाऊक.

निवृत्तीनंतर मी इतिहास वाचायला लागलो तेव्हा तिथंही तेच कोडं भेटलं. १८०३ सालचं इंग्रज-मराठा युद्ध वऱ्हाडात संपलं ते अशाच नावांच्या गावांत. २९ नोव्हेंबरला लढाई झाली अडगावला. कोणतं अडगाव? अकोला जिल्ह्यात तेल्हाऱ्याजवळचं, सिरसोलीला लागून असलेलं. इंग्रजांनी त्याचं 'अरगॉम' केलं आणि पुढे शिपायांच्या पदकावर तेच कोरलं. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ तारखेला नागपूरकर भोसल्यांचा तह झाला देवगावला. देवगावं महाराष्ट्रात गल्लोगल्ली. हे देवगाव गाविलगडाच्या दक्षिणेचं, जिथं इंग्रज सेनापती वेलस्लीची छावणी होती. ३० डिसेंबरला शिंद्यांचा तह झाला तो मात्र पूर्ण पत्त्यानिशी नोंदला गेला : सुर्जी अंजनगाव. ते सुर्जी नसतं तर कुणी बडनेऱ्याजवळच्या अंजनगाव बारीत जाऊन तहाची जागा शोधली असती.

मग आगगाडी आली. भुसावळहून निघालेला जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा फाटा बडनेऱ्यावरून १८६७ साली नागपूरला पोचला. वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे धावू लागला, स्टेशनांभोवती जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, आणि एका शेपटाची भर पडली : रेल्वे. धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे. दुसरं चांदूर बाजाराचं होतं, ते चांदूर बाजार झालं. आज दोन्ही तालुक्याची ठिकाणं, एकाच जिल्ह्यात.

१५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले मोठे अधिकारी, शिवाय संस्कृतचे कवी. सहा आकड्यांचा हा पत्ता आम्हा छाननीवाल्यांना केवढा आधार होता, ते बाहेरच्याला कळायचं नाही. तरी चांदूरांनी तिथंही पाठ सोडली नाही. बाजारचा पिन ४४४७०४, रेल्वेचा ४४४९०४. सातचा शेंडा जरा गोल झाला की टपाल दुसऱ्या चांदुराला. म्हणून मी आकडा वाचून थांबत नसे. पाठवणाऱ्या गावाचा शिक्का बघायचा, घेणाऱ्याचं आडनाव बघायचं. कोणत्या आडनावाची घरं कुठल्या गावात जास्त आणि कुठल्या गावच्या लेकी कुठे दिल्या जातात, हे वहीत मागच्या बाजूनं लिहून ठेवलं होतं. पोस्टमन मंडळींना विचारून विचारून ती बाजूही भरली.

आता नरखेड-अमरावती मार्गामुळे चांदूर बाजारलाही स्टेशन आहे. तिथं गाडीतून उतरलो तेव्हा फलाटावर पाटी होती, चांदूर बाजार. वही सोबतच होती. चांदूरचं पान काढलं आणि बाजारच्या ओळीपुढे लिहिलं : इथंही रेल्वे आहे, पण पत्ता बाजारचाच.