हेल्महोल्ट्झ रेझोनेटर

इंजिनाच्या हवेच्या नळीला बाजूने जोडायचा डबा तो हाच. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ (१८२१–१८९४) यांच्या नावाने ओळखला जातो. अरुंद मानेची रिकामी बाटली फुंकर मारल्यावर एकाच सुरात घुमते. तसाच हा डबा नळीला जोडला की तेवढाच एक सूर दाबतो.

चार सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर सेकंदाला १०० वेळा हवा ओढते. म्हणून १०० हर्ट्झची घरघर. १९५७ साली आलेल्या ब्रिटिश लोटस सेव्हनसारख्या, घरी जुळवायच्या गाड्यांत कार्ब्युरेटरची तोंडे उघडी असली तर ती थेट कानावर येते. ती कमी करायला आधी बंद एअरबॉक्स बसवतात. उरलेल्या सुरापुरता हा डबा.