भाग: भारी स्पीकर आणि बिचारा पाहुणा

ज्याच्या घरी भारी साऊंड सिस्टिम असते, त्याच्याकडे चहाच्या आधी परीक्षा होते. ‘हे ऐक. आता हे ऐक. फरक कळला?’ पाहुण्याला काहीही कळलेलं नसतं, पण तो मान डोलावतो. ही परीक्षा आजची नाही, शंभर वर्षांहून जुनी आहे. आज तिचाच इतिहास.

सुरुवात एडिसनपासून. १९१५ पासून त्याच्या कंपनीने अमेरिकेत ‘टोन टेस्ट’ नावाचे कार्यक्रम सुरू केले. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मारी रॅपोल्ड ही ऑपेरा गायिका फोनोग्राफशेजारी उभी राहून स्वतःच्याच रेकॉर्डसोबत गायली. मध्येच ती थांबायची, रेकॉर्ड चालूच राहायची. दिवे घालवले जायचे, आणि परत लागले की बाई स्टेजवर नाहीतच! गातंय ते मशीन. लोक थक्क. पुढची दहाएक वर्षं गावोगावी असे कार्यक्रम झाले.

आता गंमत ऐका. याच कार्यक्रमांमध्ये गाणाऱ्या ॲना केस या गायिकेने फार वर्षांनी सांगितलं, की मशीनच्या आवाजाशी जुळावा म्हणून ती आपला आवाज आवरून गायची. म्हणजे मशीन माणसासारखं गात नव्हतं, माणूस मशीनसारखा गात होता. आणि श्रोता? तो फक्त ‘फरक कळत नाही’ असं म्हणायला बोलावलेला साक्षीदार.

१९५४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये वॉर्फडेल स्पीकरवाल्या गिल्बर्ट ब्रिग्जने हाच खेळ मांडला. आधी प्रत्यक्ष वादन, मग त्याचंच रेकॉर्डिंग. पण प्रश्न तोच: फरक कळला का?

हा प्रश्न बाजूला ठेवला तो जपानने.

तिथे ‘किस्सा’ म्हणजे कॉफीची दुकानं. त्यातली काही खास संगीत ऐकण्यासाठीच होती. टोकियोच्या शिबुया भागात ‘लायन’ १९२६ मध्ये सुरू झालं, युद्धात जळालं, १९५० मध्ये पुन्हा उभं राहिलं आणि अजूनही चालू आहे. भिंतभर लाकडी स्पीकर, सगळ्या खुर्च्यांची तोंडं तिकडेच, आणि गप्पा बंद. योकोहामात १९३३ मध्ये ‘चिगुसा’ सुरू झालं, ते जॅझसाठी. युद्धकाळात जॅझ म्हणजे शत्रूचं संगीत म्हणून बंदी आली, मग १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात हजारो रेकॉर्ड्सचा साठा गेला. मालकाने सगळं पुन्हा जमवलं.

का? कारण युद्धानंतर परदेशी एलपी सामान्य माणसाला परवडत नव्हती, आणि छोट्या घरात मोठ्याने लावायची सोय नव्हती. एका कप कॉफीच्या पैशात तासन्‌तास बसता यायचं, आपल्या आवडीची रेकॉर्ड लावायला सांगता यायचं. तोशिको आकियोशी, सदाओ वातानाबे हे पुढे जगभर गाजलेले जॅझ कलाकार तरुणपणी चिगुसात बसून ऐकायचे. रेकॉर्ड हीच त्यांची शाळा!

म्हणजे बघा, वस्तू तीच: महागडं मशीन. एडिसनने पाहुण्याकडून मशीनसाठी सर्टिफिकेट मागितलं. चिगुसाने मशीन पाहुण्याच्या कामाला लावलं. अर्थात, त्या किस्सांमधली शिस्त नवख्याला दडपण आणणारी होती, हेही खरं. घरी आलेल्या मित्राला ‘श्श’ केलंत, तर तो परत येईल का? मला नाही वाटत.

तर माझं मत सरळ आहे. छंद वाटून घ्यायचा असेल, तर तुमची ठरलेली ‘टेस्ट’ रेकॉर्ड आधी लावू नका. पाहुण्याला विचारा, ‘तुला काय ऐकायचंय?’ मग ते लग्नाच्या वरातीतलं गाणं असलं तरी चालेल. जे गाणं त्याला पाठ आहे, त्यातच त्याला आजवर न ऐकलेलं काही सापडू शकतं. ‘अरे, इथे मागे टाळ वाजतोय!’ असं तो आपणहून म्हणाला, की समजा छंद पोचला. आणि नाहीच म्हणाला, तर चहा आहेच.

तुम्ही पाहुण्यांना सगळ्यात आधी काय ऐकवता, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!