वजाबाकीचा इतिहास : स्वस्त ग्राफिक्स कार्डाची तीन दशके

संगणकावरील खेळांसाठी लागणाऱ्या ग्राफिक्स कार्डांचा इतिहास बहुधा त्या त्या वर्षीच्या सर्वांत वेगवान कार्डांच्या आधारे सांगितला जातो. परंतु खेळणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या संगणकात ती कार्डे कधी बसलीच नाहीत. त्यांनी खरेदी केली ती त्याच कुळातील खालच्या पायरीवरची कार्डे, आणि या पायरीचा इतिहास स्वतंत्रपणे पाहण्याजोगा आहे. स्वस्त कार्ड बहुतेक वेळा महागड्या कार्डातून काहीतरी वजा करून सिद्ध होते. ही वजाबाकी कधी समंजस असते, कधी घातक असते, आणि ती कोठे केली आहे हे वेष्टनावरील नावावरून क्वचितच कळते. म्हणूनच मोजक्या पैशांत कार्ड निवडण्याची कला ही मुळात वजाबाकी ओळखण्याची कला आहे, आणि गेल्या तीस वर्षांत ती ग्राहकांना अनेकदा नुकसान सोसून शिकावी लागली आहे.

आरंभीच्या काळात अशी पायरीच नव्हती. एस-थ्री या कंपनीची १९९५ मधील ‘व्हर्ज’ ही चिप स्वस्त होती आणि त्रिमितीय चित्रणाचा दावाही करत होती. मात्र अनेक खेळांत ती संगणकाच्या मुख्य प्रोसेसरपेक्षाही संथ ठरे, त्यामुळे वेग वाढवणारी नव्हे तर वेग घटवणारी चिप अशी तिची कुचेष्टा होऊ लागली. पुढच्याच वर्षी थ्रीडीएफएक्स कंपनीची ‘व्हूडू’ चिप कार्डांवर बसून बाजारात आली. तिच्या कार्डाची किंमत सुमारे ३०० डॉलर होती आणि ते केवळ त्रिमितीय चित्रणाचेच काम करत असल्याने नेहमीच्या कामासाठी संगणकात दुसरे साधे कार्ड असावेच लागे. दोन्ही कार्डे बाहेरून एका वायरीने जोडली जात. व्हूडू कार्डावरील ४ मेगाबाइट मेमरीपैकी निम्मी पडद्यावरील चित्रासाठी आणि निम्मी पृष्ठभागांवर चढवायच्या पोतांसाठी राखलेली होती. हे कार्ड सामान्य घरात पोचू शकले याचे एक मोठे कारण म्हणजे १९९६ मध्ये मेमरी चिपांचे भाव कोसळले होते. जानेवारी १९९७ मध्ये ‘क्वेक’ या खेळाची अशा कार्डांसाठीची आवृत्ती उपलब्ध झाली आणि कार्ड असलेला व कार्ड नसलेला संगणक यांतील अंतर कोणालाही डोळ्यांनी दिसू लागले. तोवर निवड होती ती घ्यावे की न घ्यावे एवढीच.

कोणते घ्यावे हा प्रश्न १९९९ च्या सुमारास उभा राहिला. एनव्हिडियाच्या ‘रिव्हा टीएनटी-२’ या कार्डाच्या जोडीने ‘टीएनटी-२ एम-६४’ हे स्वस्त भावंड विकले जाऊ लागले. दोहोंच्या नावात दोन-तीन अक्षरांचाच फरक होता, पण मूळ कार्डात चिप आणि मेमरी यांच्यामधील मार्ग १२८ बिटांचा होता आणि एम-६४ मध्ये तो ६४ बिटांचा करण्यात आला होता. या मार्गाला मेमरी बस म्हणतात. रस्ता निम्म्या रुंदीचा केला की गाड्या कितीही वेगवान असल्या तरी वाहतूक तुंबते, तसेच येथे होते : रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरील चित्रबिंदूंची संख्या, जितकी वाढवावी तितके हे कार्ड मागे पडे. पुढील पंचवीस वर्षांत वारंवार योजलेल्या युक्तीचा हा एक आरंभीचा ठळक नमुना होय.

वजाबाकी समंजसपणे कशी करावी याचे उदाहरण त्याच कंपनीने जून २००० मध्ये ‘जीफोर्स-२ एमएक्स’च्या रूपाने दिले. मूळ जीफोर्स-२ मध्ये चित्रबिंदू रंगवणाऱ्या चार समांतर मालिका होत्या, ज्यांना पिक्सेल पाइपलाइन म्हणत. एमएक्ससाठी दोनच मालिका असलेली लहान चिप वेगळी घडवण्यात आली. चिप लहान असली की सिलिकॉनच्या एका चकतीतून अधिक नग निघतात आणि प्रत्येक नगाचा खर्च उतरतो. त्या काळातील बहुतेक खेळ या कार्डावर समाधानकारक चालत आणि किंमत सव्वाशे डॉलरच्या आत होती. त्यामुळे स्वस्त कार्ड म्हणजे निकृष्ट कार्ड हा समज प्रथमच मोठ्या प्रमाणावर दूर झाला. परंतु पुढच्याच वर्षी ‘एमएक्स-२००’ या नावाने अरुंद मेमरी बसचे रूप बाजारात आले, आणि एमएक्सने कमावलेल्या विश्वासावर एक दुबळे कार्ड खपू लागले.

स्वस्त कार्ड घडवण्याचा दुसरा मार्ग चिपनिर्मितीच्या स्वरूपातूनच निघतो. सिलिकॉनच्या चकतीवर छापलेल्या सर्व चिपा निर्दोष निघत नाहीत. ज्या चिपेचा एखादाच भाग बिघडलेला असतो तिचा तो भाग बंद करून ती कमी दर्जाच्या नावाने विकता येते. मात्र खालच्या पायरीची मागणी सदोष चिपांच्या संख्येपेक्षा अधिक असेल, तर धडधाकट चिपांचेही काही भाग बंद करून विकावे लागतात. एटीआय या कॅनडातील कंपनीच्या २००२ मधील ‘रेडिऑन ९५००’ या कार्डाने ही गोष्ट जगजाहीर केली. त्यात ‘९७००’ची आठ पाइपलाइनींची चिपच होती, फक्त चार पाइपलाइनी बंद ठेवलेल्या होत्या, आणि ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रणालीत, थोडा फेरफार केला की त्या सुरू होऊ शकत. १२८ मेगाबाइटच्या काही कार्डांवर मेमरीच्या चिपा एका ओळीत न बसवता इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकारात मांडलेल्या असत. ही मांडणी म्हणजे महागड्या कार्डाचाच, २५६ बिटांच्या मेमरी बसचा सर्किट बोर्ड असल्याची खूण होती आणि जाणकार ग्राहक ती पाहूनच कार्ड उचलत. तरीही हा जुगारच होता, कारण चिप खरोखरच सदोष असेल तर उघडलेल्या पाइपलाइनी पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन उमटवत.

त्याच वर्षी ‘जीफोर्स-४ एमएक्स’ने याहून गंभीर वजाबाकी केली. नाव चौथ्या पिढीचे असले तरी या कार्डात पिक्सेल शेडर, म्हणजे प्रत्येक चित्रबिंदूचा रंग व प्रकाश ठरवणारे छोटे प्रोग्राम चालवण्याची क्षमता, नव्हती. ती तर २००१ मधील जीफोर्स-३ पासूनच उपलब्ध होती. वेग कमी असेल तर चित्राचा तपशील उतरवून खेळता येते, पण क्षमताच नसेल तर खेळ सुरूच होत नाही. २००३ अखेरचा ‘डेअस एक्स : इनव्हिजिबल वॉर’ हा खेळ शेडरविना चालत नसे, आणि वर्ष-दीड वर्षापूर्वी ‘जीफोर्स-४’ हे नाव वाचून खरेदी केलेल्यांना ही गोष्ट तेव्हा उमगली.

भारतात या निवडीला स्थानिक बाजाराचे वळण मिळाले. मुंबईत ग्रँट रोडलगतचा लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, आणि दिल्लीतील नेहरू प्लेस या बाजारपेठांतून सुटे भाग घेऊन संगणक जोडून घेण्याची, म्हणजे ‘असेंबल’ करून घेण्याची, पद्धत रुजली होती. दुकानातील बोलीत कार्डाची ओळख चिपेवरून नव्हे तर मेमरीवरून होई. ‘एक जीबीचे कार्ड’, ‘दोन जीबीचे कार्ड’ असे विचारले व विकले जाई. परिणामी मंद चिपेवर स्वस्त व संथ मेमरी भरपूर बसवलेली कार्डे येथे जोमात खपली, कारण मोठा आकडा ग्राहकाला समजत होता आणि मेमरी बसची रुंदी कोणी सांगत नव्हते. दुसरी अडचण वीजपुरवठ्याची होती. मुख्य विजेचे संगणकाला लागणाऱ्या दाबात रूपांतर करणारा एसएमपीएस हा भाग स्वस्त जोडणीत बहुधा कॅबिनेटसोबतच येई आणि त्यावर छापलेली क्षमता प्रत्यक्षात मिळेलच याची खात्री नसे. म्हणून कार्ड निवडताना ते किती वीज मागते हा प्रश्न येथे किमतीइतकाच महत्त्वाचा ठरला.

२००४ ते २००९ हा काळ मध्यम व खालच्या पायरीसाठी सर्वांत उदार म्हणावा लागेल. २००४ मधील ‘जीफोर्स ६६०० जीटी’ने सुमारे २०० डॉलरमध्ये नव्या पिढीची सर्व क्षमता दिली, तर ऑक्टोबर २००७ मधील ‘८८०० जीटी’ने आपल्याहून कितीतरी महाग कार्डांच्या जवळपास मजल मारली. एटीआय २००६ मध्ये एएमडीच्या मालकीची झाली होती. तेथील अभियंत्यांनी अजस्र चिप घडवून मग तिची छाटणी करण्याऐवजी मध्यम आकाराची चिपच आधी घडवण्याचे ठरवले. त्यातून जून २००८ मध्ये १९९ डॉलरचे ‘रेडिऑन एचडी ४८५०’ आले. त्याच्या चिपेचे क्षेत्रफळ सुमारे २५६ चौरस मिलिमीटर होते, तर प्रतिस्पर्धी ‘जीटीएक्स २८०’चे ५७६. या स्पर्धेमुळे एनव्हिडियाला काही आठवड्यांतच जीटीएक्स २८० ची किंमत ६४९ वरून ४९९ डॉलरवर आणि जीटीएक्स २६० ची ३९९ वरून २९९ वर आणावी लागली. स्वस्त कार्डाचा भाव अखेर दोन कंपन्यांमधील चुरशीवर ठरतो, हे यातून स्पष्ट झाले. मात्र जुनाच माल नव्या नावाने विकण्याची प्रथाही याच काळात फोफावली : ८८०० जीटी हीच पुढे ‘९८०० जीटी’ झाली, आणि ‘९८०० जीटीएक्स प्लस’ २००९ मध्ये ‘जीटीएस २५०’ म्हणून विकले गेले.

कंपन्यांची नावे इतकी बेभरवशाची झाल्यावर ग्राहकाला आधार उरला तो स्वतंत्र चाचण्यांचा. टॉम्स हार्डवेअर (१९९६) आणि आनंदटेक (१९९७) या संकेतस्थळांनी एकाच संगणकावर निरनिराळी कार्डे बसवून, तोच खेळ तोच प्रसंग चालवून, सेकंदाला किती चित्रे म्हणजे फ्रेम निघतात हे मोजण्याची शिस्त रूढ केली. २०११ मध्ये समीक्षक स्कॉट वॉसन यांनी ही सरासरी अपुरी असल्याचे दाखवले. सेकंदाला साठ चित्रे निघत असली तरी त्यांतील काही उशिरा आली तर खेळ अडखळतो. म्हणून प्रत्येक चित्राला लागणारा वेळ स्वतंत्रपणे मोजला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. मेमरी अपुरी असलेल्या स्वस्त कार्डांचा दोष याच पद्धतीने उघड होतो, कारण त्यांची सरासरी बरी दिसते आणि अडखळणे मात्र सतत चालू असते.

फेब्रुवारी २०१४ मधील ‘जीटीएक्स ७५० टीआय’ हे १४९ डॉलरचे कार्ड वजाबाकीचा सर्वांत हितकारक नमुना ठरले. येथे वजा झाली ती विजेची भूक : ६० वॉट एवढ्यावर ते चाले, आणि मदरबोर्डावरील खाचेतूनच ७५ वॉटपर्यंत वीज मिळत असल्याने वेगळी वायर किंवा नवा एसएमपीएस घेण्याची गरज उरली नाही. कार्यालयातून निकाली निघालेला जुना संगणकही त्यामुळे खेळण्याजोगा झाला. २०१६ मध्ये ‘जीटीएक्स १०५० टीआय’ने हीच परंपरा पुढे नेली, आणि ‘आरएक्स ४८०’ची ४ जीबीची आवृत्ती १९९ डॉलरला आली. पण त्याच वर्षी ‘जीटीएक्स १०६०’ दोन रूपांत विकले गेले. ३ आणि ६ जीबी हा फरक नावात दिसत होता. ३ जीबीच्या कार्डात गणनेचे घटक १२८० वरून ११५२ वर आणले आहेत, हे मात्र नाव सांगत नव्हते. २०१८ मधील ‘जीटी १०३०’ची गोष्ट याहून वाईट होती. त्याच नावाखाली जीडीडीआर-५ ऐवजी डीडीआर-४ मेमरी बसवली गेली आणि मेमरीची वहनक्षमता सेकंदाला ४८ गिगाबाइटवरून १६.८ वर आली. वेष्टनावर दोन्हीकडे २ जीबीच लिहिलेले होते.

त्यानंतर खेळाशी संबंध नसलेल्या मागणीने ही पायरी विस्कटली. इथेरियम या कूटचलनाच्या गणनेसाठी, ज्याला ‘मायनिंग’ म्हणतात, मेमरीचा वेग निर्णायक असल्याने मध्यम किमतीची कार्डे त्या व्यवसायाला सर्वाधिक फायद्याची ठरली आणि २०१७-१८ व पुन्हा २०२०-२१ मध्ये ती छापील किमतीला मिळेनाशी झाली. भारतात आयातीचा खर्च, घसरता रुपया आणि १८ टक्के वस्तू व सेवा कर यांची त्यात भर पडली. या टंचाईत जानेवारी २०२२ मध्ये आलेले १९९ डॉलरचे ‘आरएक्स ६५०० एक्सटी’ म्हणजे वजाबाकी किती दूर जाऊ शकते याचा धडाच होता. मेमरी ४ जीबी, मेमरी बस ६४ बिटांची, खेळाचे चित्रण मुद्रित करणारी यंत्रणा गायब, आणि मदरबोर्डाशी संवाद साधणाऱ्या सोळा मार्गिकांपैकी केवळ चार. नव्या मदरबोर्डावर हे चारही पुरत, कारण तेथे प्रत्येक मार्गिका दुप्पट वेगाची असे. पण स्वस्त कार्ड घेणाऱ्याचा संगणक सहसा जुना असतो, आणि नेमक्या त्याच संगणकावर, मेमरी भरली की, हे कार्ड कोलमडे.

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने गणनेची ती पद्धत सोडल्यावर जुन्या कार्डांचा पूर लोटला आणि भाव उतरले, तरी शंभर डॉलरच्या आसपासची पायरी परत आली नाही. एका बाजूने प्रोसेसरमध्येच सामावलेल्या, ज्याला येथे ‘ऑनबोर्ड’ म्हणतात त्या, ग्राफिक्सने ती गिळली : २०१८ मधील ‘रायझेन ३ २२००जी’ अशा प्रोसेसरावर हलकेफुलके खेळ वेगळ्या कार्डाविना चालू लागले. दुसऱ्या बाजूने मेमरी, सर्किट बोर्ड, पंखा व वाहतूक यांचा खर्च चिप लहान केल्याने फारसा घटत नाही. २०२१ च्या ‘आरटीएक्स ३०६०’मध्ये १२ जीबी मेमरी असताना २०२३ च्या ‘आरटीएक्स ४०६०’मध्ये ८ जीबीच आली, याकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. डिसेंबर २०२४ मध्ये इंटेलने २४९ डॉलरच्या ‘आर्क बी-५८०’मध्ये १२ जीबी देऊन ही कोंडी काही अंशी फोडली, मात्र त्याला तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्याच महिन्यातील इंडियाना जोन्सवरील खेळाने किरणमागोवा, म्हणजे रे ट्रेसिंग, करणारी यंत्रणा कार्डात असण्याची अट घातली, आणि जीफोर्स-४ एमएक्सच्या खरेदीदारांवर आलेली वेळ जीटीएक्स १०६० च्या लाखो मालकांवर आली.

या सर्व घडामोडींतून निवडीचे काही निकष आपोआप सिद्ध होतात : नावाऐवजी मेमरी बसची रुंदी व मेमरीचा प्रकार पाहावा, मेमरीचे प्रमाण येत्या तीन-चार वर्षांच्या हिशेबाने जोखावे, कार्डाची विजेची व मार्गिकांची मागणी आपल्या संगणकाशी ताडून पाहावी, आणि वेग थोडा कमी चालेल पण क्षमतेचा अभाव चालणार नाही हे लक्षात ठेवावे. तथापि सारा भार ग्राहकाच्या अभ्यासावर टाकणे न्याय्य नाही. सर्वांत महाग कार्ड घेणाऱ्याची चूक पुढच्या खरेदीत भरून निघते. स्वस्त कार्ड घेणाऱ्याला, जो बहुधा विद्यार्थी असतो आणि ज्याने त्यासाठी वर्षभर पैसे साठवलेले असतात, ती चूक पाच-सहा वर्षे वागवावी लागते. वजाबाकी हा स्वस्ताईचा स्वाभाविक मार्ग आहे आणि जीफोर्स-२ एमएक्स किंवा ७५० टीआय यांनी तो सन्मानानेही चालता येतो हे सिद्ध केले आहे. परंतु काय वजा केले ते नावातच स्पष्ट सांगणे हे निर्मात्यांचे कर्तव्य आहे, आणि ज्याला चूक सर्वांत कमी परवडते त्याच्याबाबतीत ते सर्वांत आधी पाळले गेले पाहिजे.